खाली गेलेल्या खिडक्या

कॉम्प्युटरच्या पडद्यावर अगदी तळाला एक पट्टी असते. तिचं खरं नाव टास्कबार. पण नवीन जालन्यात बियाणे कंपन्यांच्या ऑफिसांत आणि आडत दुकानांत तिला मी कुणाच्या तोंडून टास्कबार म्हटलेलं क्वचितच ऐकलं. "खालची पट्टी" म्हणतात, आणि घाई असली की नुसतं "खालचं". "गायकवाड भाऊ, खालचं बिलकुल चालंना, जल्दी या," असा फोन आला की आमच्या सौ. स्वयंपाकघरातून विचारायच्या, आज कुणाचं पोट बिघडलं म्हणून. आता माझं दुकान मुलीने घेतलं आहे, मी दुपारी नुसता जाऊन बसतो. तरी फोन अजून मलाच येतात.

ज्यांनी कॉम्प्युटर फक्त बँकेच्या काउंटरपलीकडून पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर एक काम उघडलं की त्याची एक चौकट उघडते, तिला खिडकी म्हणायचं. दुसरं काम उघडलं की दुसरी खिडकी. पहिली नको असेल तेव्हा ती खाली पाठवता येते. ती पट्टीवर बारीकसं चित्र होऊन बसते. त्या चित्राला टिचकी मारली की पुन्हा वर. घरात बाई शेगडीवरचं एक पातेलं उतरवून झाकून ठेवते आणि दुसरं चढवते, तेवढाच हा प्रकार. लोकांची गडबड होते ती इथेच. त्यांना वाटतं खाली गेलं म्हणजे गेलं. खाली गेलेलं गेलेलं नसतं, झाकलेलं असतं, हे मी गिऱ्हाइकांना जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा पोरांना "जेवलास का" म्हणून विचारलं नसेल.

मी मुळात तंद्रीतला माणूस. वाटूरच्या शाळेत मी खिडकीबाहेर बघत बसायचो आणि गुरुजी खडू फेकून मारायचे. पुढे देवाने नव्हे, पण धंद्याने माझं भलं केलं; कारण कॉम्प्युटर दुरुस्तीत निम्मा वेळ नुसतं बघत बसायचं असतं. मशीन बंद करून चालू केलं की पडद्यावर ठिपके गोल गोल फिरतात. बाहेर दुपार तापलेली, वर पंखा, कुठून तरी हरभऱ्याच्या पोत्यांचा वास, आणि मी त्या ठिपक्यांकडे बघतोय. अशा वेळी मी वाटूर फाट्यावर पोचलेला असे. चारी दिशांना जाणाऱ्या गाड्या येतात, थांबतात, निघून जातात, आणि मी कुठल्याच गाडीत बसत नाही. मालक विचारायचे, "काय झालं, सापडलं का?" मी म्हणायचो, "शोधून राह्यलो." ते खोटंही नव्हतं. बऱ्याच गोष्टी मला अशा बसल्या बसल्याच सापडल्या आहेत.

एका बियाणे कंपनीत हिशेब लिहिणारे एक सद्गृहस्थ होते. त्यांची एक खिडकी पट्टीवर दिसायची, टिचकी मारली की चित्र उजळायचं, पण खिडकी काही पडद्यावर यायची नाही. त्यांचा रक्तदाब वाढला होता. मी बघितलं तर टेबलावर धुळीत एक चौकोनी स्वच्छ जागा. विचारलं, इथे काय होतं? म्हणाले, दुसरा पडदा होता, साहेबांनी स्वतःच्या केबिनमध्ये नेला. मग उलगडा झाला. खिडकी उघडत होती, बराबर उघडत होती, पण त्या नेलेल्या पडद्यावर. पडदा उचलून नेल्याचं मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं. आधी दोन-तीन ठरावीक बटणं दाबून मग बाणाचं बटण दाबत राहिलं की अशी खिडकी कडेने हळूहळू आत सरकत येते. मला ते बघायला फार आवडतं. त्या गृहस्थांनी तर तिला हात जोडले.

दुसरे एक शेठजी होते, तूर-मुगाचे व्यापारी. त्यांची अख्खी पट्टीच गायब झाली होती आणि त्यांचा संशय मुनीमजींवर होता. पट्टी आपोआप लपण्याची सोय कुणाच्या तरी हातून चालू झाली होती, एवढंच. मी बाण पडद्याच्या तळाशी नेला, पट्टी वर आली. बाजूला घेतला, खाली गेली. शेठजींनी मला उठवलं आणि स्वतः बसून हाच खेळ कितीतरी वेळ केला. मग जरा हिरमुसून म्हणाले की एवढ्यासाठी तुला बोलावलं होय. मुनीमजी दारात उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी विसरणार नाही.

आणि वाटूरच्या एक मास्तरीणबाई. त्यांची सकाळपासूनची सगळी कामं नाहीशी झाली होती, पट्टीवर एकही चित्र नाही. नव्या कॉम्प्युटरात एक गंमत असते. एका टेबलामागे दुसरं टेबल मांडता येतं, आणि या टेबलावर असताना त्या टेबलावरचं पट्टीत दिसत नाही. बाईंच्या बोटांनी नकळत दुसरं टेबल मांडलं होतं. मी त्यांना मागच्या टेबलावर नेलं, तर सगळ्या खिडक्या जिथल्या तिथे. बाई म्हणाल्या, "सर, मंग माह्या घरी बी असं एक मागचं टेबल असंल का, जिथं समदं काम करून ठेवलेलं असंल?" मी म्हणालो, असेल तर मलाही पत्ता द्या. त्या दिवशी गाडीवरून परत येताना वाटभर मी त्या मागच्या टेबलाचाच विचार करत होतो.

आता हे बरंचसं लांबून होतं. मुलगी दुकानात बसल्या बसल्या परतूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर उघडते आणि दुरुस्त करते. काम जल्दी होतं, गाडीचा खर्चा वाचतो. पण समोरच्याच्या टेबलापाशी जाऊन बसणं संपलं, याची मला हुरहूर आहे. लांबून पडदा दिसतो, माणूस दिसत नाही. कुंभार पिंपळगावची हकिकत लांबून कधीच सुटली नसती, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

कुंभार पिंपळगावात नानांचं बी-बियाण्याचं दुकान. नाना म्हणजे बोलका माणूस. पूर्वी ते जालन्याला बियाणे कंपनीच्या ऑफिसात माल न्यायला आले की चार टेबलांचं काम थांबायचं. बाजाराच्या दिवशी लोक बियाणं घ्यायला कमी आणि त्यांचं ऐकायला जास्त जमत. सरकीच्या एका पिशवीवर ते अर्धा तास बोलत आणि ऐकणाऱ्याला वाटे, आपलं शेत आताच उगवून आलं. त्यांना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ वळेनाशी झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना समजतं सगळं, फक्त बोलता येणार नाही.

पण नाना हार मानणारे नव्हते. दुकानात बिलं करायचा कॉम्प्युटर होता. त्यावर त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटाने लिहायला सुरुवात केली. मोबाइलची अक्षरं त्यांना दिसत नसत आणि बोट थरथरे. कॉम्प्युटरवर मात्र अक्षरं हवी तेवढी मोठी करता यायची. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, समोर उभ्या राहून एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचत. भाजीत मीठ कमी आहे इथपासून कुणाला कुठलं बियाणं द्यायचं नाही इथपर्यंत सगळं नाना लिहून सांगत. घर पुन्हा रांगेला लागलं. दसऱ्यानंतर मात्र ते बिघडलं.

पुण्याहून दिवाळीला आलेल्या त्यांच्या मुलाने, प्रशांतने, मला फोन केला. मी अंबडवरून गेलो. रस्त्याच्या कडेने सोयाबीन वाळत घातलेलं, ऊन मऊ झालेलं, आणि माझी गाडी मीच चालवतोय की ती मला घेऊन चालली आहे हे कळू नये अशी हवा. प्रशांतने मला दुकानाच्या ओट्यावरच थांबवलं. हळू आवाजात सांगितलं की नाना लिहायला बसतात, एक अक्षर होतं न होतं तोच समोरची खिडकी खाली घालवतात, भलत्याच खिडक्या उघडतात, कधी कॉम्प्युटरलाच कुलूप लावून टाकतात. पट्टीवरून खिडकी पुन्हा वर आणून दिली की पुन्हा तेच. अंबडच्या एका दुकानदाराकडून आतलं सगळं पुसून नव्याने टाकून घेतलं, तरी फरक नाही. आता तर नानांनी लिहायचंच सोडलं होतं. कॉम्प्युटरकडे पाठ करून ते रस्त्याकडे बघत बसायचे.

"मशीन तर नवं केलं काका," प्रशांत म्हणाला. "मंग आता काय समजायचं? डोक्यावर परिणाम झाला आसंल. तुम्ही एकदा शेवटचं बघा. तुम्ही मशीन बराबर हाये म्हणले, की दुकान बंद करतो अन् त्यांना कायमचं पुण्याला नेतो."

पोरगा वाईट नव्हता. बोलताना त्याचे डोळे भरले होते.

मी आत जाऊन बसलो. चार-पाच कामं उघडली, खाली पाठवली, वर आणली. पट्टी अगदी शहाण्यासारखी वागत होती. पट्टी चालवणारा जो आतला भाग असतो तो बंद करून पुन्हा सुरू केला. बटणांच्या सेटिंग बघितल्या. मराठीत दोन ओळी लिहिल्या. सगळं ठाकठीक. नेहमीच्या सवयीने माझ्या तोंडात वाक्य तयार झालं होतं, मशीन बराबर आहे, आणि मी मान वर केली तर नाना माझ्याकडे बघत होते.

या वाक्याने काय होणार हे त्यांना माहीत होतं. आयुष्यभर मी हे वाक्य आनंदाने बोललो होतो, पुढचा माणूस खूश व्हायचा. इथे त्याचा अर्थ होता की माणूस बिघडला आहे. मला एकदम भीती वाटली. ती नजर गोंधळलेल्या माणसाची नव्हती, पण नजरेचा दाखला कोण मानणार?

मी म्हणालो, "नाना, एक ओळ लिहून दाखवता का? मला बघायचंय."

ते आधी हलले नाहीत. मग काकूंनी हात दिला तसे उठून खुर्चीत बसले. उजवा हात मांडीवर ठेवला. डाव्या हाताचं मनगट बटणांच्या पाटीवर टेकवलं आणि बोट उचलून एक अक्षर दाबलं. सगळ्या खिडक्या धाडदिशी खाली गेल्या. मी पट्टीवरून एक वर आणून दिली. त्यांनी दुसरं अक्षर दाबलं, कुलूप लागलं. काकूंनी तोंड फिरवलं. प्रशांत माझ्याकडे बघत होता. नाना उठायला लागले.

त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवून मी कुलूप काढलं आणि त्यांच्या जागी बसलो. का बसलो ते मला सांगता येणार नाही. तंद्रीच लागली होती म्हणा. मी माझा उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. त्यांच्यासारखंच डावं मनगट टेकवलं, सगळा भार त्यावर टाकला, आणि बोटाने 'मला' लिहायला गेलो. माझ्याही खिडक्या खाली गेल्या.

मला इतका आनंद झाला की मी ते पुन्हा केलं. पुन्हा गेल्या. मी म्हणालो, "प्रशांत, दुकान बंद करच बाबा, अन् मलाबी पुण्याला घेऊन चल. माह्याबी डोक्यावर परिणाम झालाय."

कोणी हसलं नाही, कारण कोणाला कळलंच नव्हतं. मग मी समजावून सांगितलं. बटणांच्या पाटीवर डाव्या खालच्या कोपऱ्यात एक बटण असतं, त्यावर चार चौकोनांची खिडकी काढलेली असते. ते बटण दाबून ठेवलं की बाकीची अक्षरं अक्षरं राहत नाहीत, हुकूम होतात. नाना मराठी लिहायला इंग्रजी अक्षरं दाबत. ते बटण दाबलेलं असताना एम दाबला की सगळ्या खिडक्या खाली, ई दाबला की भलतीच खिडकी उघडणार, एल दाबला की कुलूप. माणूस 'मला' म्हणायला गेला तर पहिल्याच अक्षराला पडदा रिकामा होणार. मी दोन्ही हात अधांतरी ठेवून लिहिणारा, माझं मनगट तिथे कधी टेकतच नाही. अंबडच्या दुकानदाराचंही टेकलं नसणार. नानांचं मात्र तिथेच टेकायचं, कारण त्यांना हाताला आधार लागायचा.

प्रशांतने बराबर शंका काढली. उन्हाळ्यापासून नाना असेच लिहीत होते, मग तेव्हा काही कसं झालं नाही? मी ते बटण बोटाने दाबलं. बाकीची बटणं दाबून सोडली की टुणकन वर येत. हे खाली जाऊन तिथेच बसलं, आणि बरंच थांबून सावकाश वर आलं. पूर्वी बोट अक्षराकडे नेताना मनगट जरा उचललं की ते लगेच वर येत असणार, आता दाबलेलंच राहत होतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने मी ते उचकटून काढलं. बटणाच्या कडेला भिंतीशी काहीतरी लाल-पिवळं चिकटलं होतं. खरवडून तळहातावर घेतलं तर तांदळाचा दाणा. हळद-कुंकवात भिजून घट्ट वाळलेला.

आमच्याकडे दसऱ्याला सगळे विहारात असतात, हत्यारांची पूजा आमच्या घरात होत नाही. त्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं, जेवताना भाताचं शीत पडलं असेल. मी काकूंना दाखवायला हात पुढे केला. त्यांनी बघितलं आणि त्या तिथेच पोत्यावर बसल्या.

खंडेनवमीला त्या घरात दरवर्षी तराजू पुजला जायचा, मापं पुजली जायची. या वर्षी काकूंनी तराजू खाली ठेवला आणि बटणांची पाटी पाटावर मांडली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं, वरून मूठभर अक्षदा टाकल्या. हे सगळं त्यांनी अडखळत सांगितलं.

"म्हणलं, ह्यांची वाचा आता ह्याच्यातच हाये," त्या म्हणाल्या. "अन् मीच बंद करून ठेवली."

मी आपला कामाला लागलो. बटणाखालची जागा ब्रशने साफ केली, बटण बसवलं, चार वेळा दाबून बघितलं. नानांच्या मनगटाखाली फडक्याची घडी ठेवली, म्हणजे भार बटणांवर येऊ नये. मग त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. त्यांचा हात खाली टेकेना, इतकी त्याला धास्ती बसली होती. शेवटी मीच तो धरून घडीवर ठेवला.

त्यांनी एक अक्षर दाबलं. ते पडद्यावर उमटलं आणि खिडकी जागेवर राहिली. दुसरं दाबलं, तेही राहिलं. नाना एकेका अक्षरानंतर थांबून पडद्याकडे बघत होते. रस्त्यावर कुणी तरी ट्रॅक्टर घेऊन गेलं, धूळ आत आली आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली. मला ती अक्षरं त्या धुळीतूनच येऊन बसल्यासारखी वाटत होती. ओळ पुरी झाली तेव्हा प्रशांतने वाचली.

"गायकवाडला च्या दिला का"

प्रशांत हसला आणि हसता हसता रडायला लागला. मीही डोळे पुसले, लाज कशाला वाटायची? तो नाक ओढत चहा ठेवायला स्वतःच घरात गेला. परत आला तोवर नानांनी दुसरी ओळ लिहून ठेवली होती: "पुण्याला चार दिवस येतो. राहायला न्हाई." प्रशांतने ती दोनदा वाचली आणि बरं म्हणाला. दुकान बंद करायची गोष्ट तिथेच संपली.

काकू मात्र अजून पोत्यावरच बसल्या होत्या. चहाचा कप त्यांनी हातात धरला होता आणि त्या तो पीत नव्हत्या. नानांनी त्यांच्याकडे बघितलं. हाक मारता येत नव्हती, म्हणून त्यांनी टेबलावर बोटाने टकटक केलं. त्या उठल्या नाहीत. मग ते पडद्याकडे वळले आणि लिहायला लागले. या वेळी मधे कुठे थांबले नाहीत. पुन्हा टकटक केलं, तेव्हा काकू डोळ्याला पदर लावत येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागल्या.

"पुढल्या साली बी पूजा कर. फक्त अक्षदा माह्या डोक्यावर टाक."

तो दाणा अजून माझ्या तळहातावरच होता, टाकून द्यायचं मला भान राहिलं नव्हतं. काकूंनी तो दोन बोटांनी उचलला, आणि पुढल्या सालाची वाट न बघता नानांच्या डोक्यावर ठेवला.